उंबऱ्यावरचं माप

आमच्या घराला दुकान कधीच नव्हतं. शिरगावात तीन पिढ्या शिंप्याचं घर म्हणून आम्हाला ओळखतात, पण दारावर पाटी नाही, काउंटर नाही, ताग्यांचं कपाट नाही. गिऱ्हाईक आमच्याकडे येत नसे, आम्हीच गिऱ्हाइकाकडे जायचो. हाताने फिरवायची मशीन लाकडी पेटीत, पेटी सायकलच्या कॅरियरला काथ्याने आवळलेली, हँडलला पिशवी. पिशवीत कैची, टेप, खडू, रिळं, गुंड्यांचा डबा आणि मापाची वही. गहुंजे, साळुंब्रे, दारुंब्रे, गोडुंब्रे, सांगवडे, परंदवडी, उर्से, बेबडओहोळ आणि पार चांदखेडपर्यंत आमची फेरी असायची. पवन मावळात आम्ही, नाणे मावळात आणि आंदर मावळात दुसरे कुणी. हद्दी कुणी आखून दिल्या नव्हत्या, पण सगळे पाळायचे.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना सांगायचे, शिंप्याला हाताआधी पाय हवेत. त्यामागे गावगाड्याचा हिशेब होता. शिंपी बारा बलुत्यांत नाही, अलुत्यांत. सुतार-लोहारावाचून औत चालत नाही, शिंप्यावाचून चालतं. माणूस फाटक्या सदऱ्यावर एक पावसाळा सहज काढतो. मग शिंप्याने त्याच्या दाराशी जायचं, ओसरीवर बसायचं, काम असेल ते करायचं आणि सुगीला भात घ्यायचं. नानांच्या वेळी शिलाई म्हणजे आंबेमोहोराच्या पायल्या. माझ्या वेळी रोख आली, तरी १९८७ साली वडगावच्या भात संशोधन केंद्रातून इंद्रायणी तांदूळ आला आणि मावळभर पसरला, तेव्हा दिवाळीनंतर दहा-वीस किलो इंद्रायणी शिलाईपोटी घरात येऊन पडायचाच. त्या तांदळाचा वास आला की कुठल्या गावाची उधारी फिटली हे आमची आई बरोबर ओळखायची.

मी शिवायला बसलो तो १९७२च्या दुष्काळात. मावळात एरवी पावसाची कमी नसते, पण त्या वर्षी महागाईने सगळ्यांचं कंबरडं मोडलं होतं आणि नवं कापड कुणी घेतच नव्हतं. म्हणून माझं शिक्षण ठिगळांपासून झालं. आज मागे वळून बघताना वाटतं, ते फार चांगलं झालं. नवं कापड कापायला मिळालं असतं तर मी फक्त कापायला शिकलो असतो. ठिगळ लावायचं तर आधी जुना सदरा उसवावा लागतो, आणि उसवलेल्या सदऱ्यात सगळं दिसतं. खांद्यावर कापड कुठे विरलं, कोपर कुठे घासलं, कुठल्या शिवणीवर ताण आला, हे सगळं उलगडून समोर पडतं. ज्याच्या उजव्या खांद्यावर कायम भारा किंवा कावड असते त्याचा सदरा तिथेच आधी जातो. नाना नव्या सदऱ्याला त्या खांद्याखाली आतून दुहेरी कापड घालायचे, आणि ते गिऱ्हाइकाला सांगायचेही नाहीत.

पँट मात्र नानांना येत नव्हती. त्यांचं सगळं आयुष्य सदरा, पायजमा, बंडी, चोळी, झबली-टोपडी यांत गेलेलं. पँट शिकायला मी देहूरोडच्या बाजारात एका उस्तादांकडे राहिलो. देहूरोड लष्कराचा भाग, त्यामुळे तिथल्या कारागिरांचा गणवेशावर हात बसलेला. उस्तादांची पद्धत मी तिथवर कुठे पाहिली नव्हती. गिऱ्हाईक आलं की ते आधी त्याला स्टुलावर बसवायचे. चहा मागवायचे, बोलत राहायचे आणि टेप गळ्यातच ठेवायचे. मग उठवून उभं करायचे आणि माप घ्यायचे. एकदा मी विचारलं, एवढा वेळ का घालवता. ते म्हणाले, ‘‘बेटा, माप उभ्या माणसाचं घेतात, पण पँट घालून माणूस बसतो.’’ बसल्यावर पोट किती पुढे येतं, गुडघा कुठे ताणतो, मागची कंबर किती खाली उतरते, ते आधी बघून ठेवायचं आणि मग टेप लावायचा.

त्यांच्याकडे स्टूल होतं. माझ्याकडे तर सगळं गाव होतं. गिऱ्हाइकाच्या घरी गेलं की ते वैरण टाकताना दिसतं, विहिरीवर वाकलेलं दिसतं, बैल वळवताना दिसतं. शहरातल्या शिंप्याला जे विचारून कळत नाही, ते फिरत्या शिंप्याला न विचारता कळतं. उस्तादांनी दिलेली नजर आणि नानांनी दिलेले पाय, हे दोन्ही जुळायला मला काही वर्षं लागली. जुळलं ते भाताच्या खाचरात.

आषाढात लावणीचे दिवस शिंप्याला रिकामे. एका गावात उधारी मागायला गेलो होतो. घरात कुणी नव्हतं म्हणून बांधावर जाऊन उभा राहिलो. बायका ओळीने वाकून रोपं लावत होत्या, पाऊस पडत होता. प्रत्येकीचं पोलकं मागून वर चढलेलं, कमरेची पट्टी उघडी पडून तिच्यावर पाणी ओघळत होतं. हात पुढे केला की बगलेत कापड ओढत होतं. एका बाईची बगल उसवलेलीच होती आणि ती शिलाई माझीच होती. उभ्या बाईच्या अंगावर ते पोलकं अगदी चापूनचोपून बसायचं, त्यात खोट नव्हती. पण त्या बाईचं वर्ष उभं राहून जात नव्हतं. त्यानंतर लावणीला जाणाऱ्या बायकांच्या पोलक्याची पाठ मी दोन बोटं लांब ठेवू लागलो, बगलेत चौकोनी तुकडा घालू लागलो आणि बाहीची गोलाई मोकळी केली. दिसायला ते पोलकं जरा ढगळ दिसायचं. तरुण मुली नाक मुरडायच्या. मग मीच म्हणू लागलो, एक सणाचं शिवा आणि एक शेताचं. शेताच्या पोलक्याची शिलाई मी कमी घ्यायचो.

बायकांच्या कपड्यांचं बोलायचं तर त्या काळची एक अडचण सांगायलाच हवी. पुरुष शिंप्याने बाईच्या अंगाला टेप लावायचा नाही, हा रिवाज. माप म्हणून जुनं पोलकं दारातून पुढे यायचं. ते पोलकं कधी लग्नातलं असायचं, तर कधी थोरल्या जावेचं. तीन बाळंतपणं झालेल्या बाईला आठ वर्षांपूर्वीच्या मापाचं पोलकं शिवून द्यायचं, आणि ते घट्ट झालं तर ती तसंच घालायची. तक्रार कोण करणार आणि कुणाकडे करणार? मला ते खटकायचं, पण त्यातून वाट दिसत नव्हती.

वाट आमच्या हिने काढली. ती जुन्नरकडची. तिच्या माहेरी शिवण नव्हतं, पण हात फार साफ. लग्न होऊन आली तेव्हा काजं, गुंड्या, तुरपाई, हुक लावणं एवढंच काम तिच्याकडे होतं. एकदा फेरीला निघताना ती म्हणाली, ‘‘अहो, मी येते बरोबर. तुम्ही ओसरीवर बसा, मी आत जाऊन मापं घेते.’’ नानांना ते पसंत नव्हतं. शिंप्याची सून दारोदार फिरते असं लोक म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. आईने एका वाक्यात निकाल लावला. ती म्हणाली, ‘‘तुम्ही दारोदारच फिरलात ना आयुष्यभर? मग?’’

आमच्या धंद्याला खरी कलाटणी त्या दिवसापासून मिळाली. मशीन कॅरियरवर असल्यामुळे सायकलवर तिला जागा नव्हती. ती एसटीने यायची, फाट्यावर उतरून चालत गावात पोचायची. मी ओसरीवर मशीन मांडायचो आणि ती आतल्या खोलीत जायची. दार लोटलं जायचं. बराच वेळ आत बोलणं चालायचं, मधेच हसण्याचे आवाज यायचे. बाहेर आली की तिच्या वहीत आकडे असायचे आणि आकड्यांपुढे तिच्या स्वतःच्या खुणा. त्या खुणा मला अजूनही सगळ्या कळत नाहीत. ‘पुढून उघडं’ म्हणजे अंगावर पाजणारी बाई, एवढं मी समजून घेतलं. ‘डावी बाही सैल’ असं लिहिलं असेल तर का, ते मी विचारलं नाही. सांगण्यासारखं असेल तर ती सांगायची.

एकदा तिने मला बाजारातून पाव किलो मोहरी आणायला सांगितली, बारीक दाण्याची. लोणच्याचे दिवस नव्हते. मी विचारलं तर म्हणाली, काम आहे. मोहरी तिने दोन दिवस उन्हात वाळवली. मग पांढऱ्या मलमलीची एक गोलसर पिशवी शिवली, दुहेरी टीप घालून. तीत थोडी थोडी मोहरी भरायची, तळहातावर तोलून बघायची, काढायची, पुन्हा भरायची. त्यानंतर एका पोलक्याला आतून डाव्या बाजूला खिसा शिवला. खिशाचं तोंड बगलेकडे, म्हणजे धुवायच्या वेळी पिशवी बाहेर काढता यावी. त्या पोलक्याच्या सगळ्या शिवणी तिने उलट्या बाजूला, बाहेरून घेतल्या आणि वर बारीक पट्टी मारून झाकल्या. मी म्हटलं, हे काय उलटं शिवलंस? ती म्हणाली, ‘‘आतून शिवण टोचता कामा नये.’’

पुष्कळ वर्षांनी तिने सांगितलं. एका बाईचं कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं, एक बाजू काढली होती. ती पदर आवळून घरातच बसायची, कार्याला जायची बंद झाली होती. घरातल्या पुरुषांनी पैसे उभे करून ऑपरेशन केलं, औषधपाणी केलं, सगळं केलं. पण अंगावर काय घालायचं याचा विचार कुणालाच सुचला नव्हता, आणि तिलाही तो बोलून दाखवता आला नव्हता. मापं घेताना आतल्या खोलीत ती आमच्या हिच्यापाशी रडली. पुढच्या संक्रांतीला ती हळदीकुंकवाला गेली. एवढंच मला सांगितलं. बाईचं नाव सांगितलं नाही, गावही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. शहरात अशा गोष्टी तयार विकत मिळतात हे आम्हाला पुढे कळलं. पण त्या वेळी मावळातल्या एका खेड्यात ती मोहरीची पिशवी होती, आणि ती कुणी शिकवलेली नव्हती. माझ्या हयातीत आमच्या घरातून बाहेर पडलेलं सर्वांत चांगलं काम कुठलं असं कुणी विचारलं, तर मी ते पोलकं सांगेन. त्यात माझी एकही टीप नाही.

लग्नघराबद्दल लिहायला बसलो तर वेगळं पुस्तक होईल. तुळशीचं लग्न झालं की आमची मशीन एकेका लग्नघरी मुक्कामाला जायची. पुण्याहून किंवा तळेगावहून बस्ता आला की ओसरीवर सतरंजी पडायची, मशीनला हळदकुंकू लागायचं, नारळ फुटायचा, आणि मग हळद लागेपर्यंत आम्ही त्या घरातलेच. जेवण तिथे, झोप तिथे. नवरदेवाचा सदरा, वरमाईचं पोलकं, करवल्यांचे फ्रॉक, म्हाताऱ्यांच्या बंड्या, सगळं तिथेच बसून शिवायचं. शिंप्यापुढे घराचं काही लपत नाही. कुणाला रेशीम आणि कुणाला साधं पॉपलीन, हे बस्त्याच्या गाठोड्यातच लिहिलेलं असतं. एका घरात नवऱ्या मुलीच्या विधवा आत्याला कापडच घेतलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात दिवसभर राबत होती. मुलीच्या आईने संध्याकाळी हळूच स्वतःच्या वाटणीचा खण माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, ‘‘शिंपीदादा, हा वन्संच्या मापाने शिवा. कुणी विचारलं तर बस्त्यातलाच म्हणा.’’ मी तसंच म्हटलं.

उरलेल्या कापडाबद्दल नानांचा एक नेम होता. चिंध्या शिंप्याच्या, असा रिवाज सगळीकडे चालतो. नाना मात्र वीतभर तुकडाही पिशवीत टाकत नसत. त्याचं झबलं, टोपडं, कुंची, निदान चंचीची पिशवी करून त्याच घरात देऊन यायचे. गड्याच्या, मोलकरणीच्या मुलांनाही त्यातलं मिळालं पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष. लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या सदऱ्याच्या कापडाची टोपी घालून गड्याचं पोर मांडवात हिंडताना मी पाहिलंय. मी तो नेम सोडला नाही.

या सगळ्यात घर कुठे होतं, असं मुलं मोठेपणी विचारायची. रागाने नाही, पण विचारायची. दिवाळीत गावोगावचं काम अंगावर असायचं, त्यामुळे आमच्याकडे दिवाळी भाऊबीजेला सुरू व्हायची. शाळेच्या कुठल्या कार्यक्रमाला मी गेलेलो मला आठवत नाही, कारण शाळांच्या कार्यक्रमांचे दिवस म्हणजे लग्नसराईचे दिवस. मुलांना आजीने वाढवलं, हे मी मान्य करतो. पण एक गोष्ट आमच्याकडे होती. पावसाळ्यात, लावणी सुरू झाली की दोन महिने आम्ही सगळे घरी. तेव्हा मुलांना मी शिवण शिकवलं नाही, मापाची वही वाचायला शिकवली. हा माणूस डाव्या पायाने लंगडतो, हे आकड्यांवरून ओळखा पाहू, असा आमचा खेळ चालायचा. पायजम्याच्या दोन पायांच्या उंचीत अर्ध्या इंचाचा फरक दिसला की मुलं टाळ्या पिटायची. मुलगी त्या खेळात फार तरबेज होती.

ज्येष्ठ महिना आमच्याकडे वारकऱ्यांचा. देहू आमच्यापासून जवळ. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी निघते, त्याआधी पंधरा दिवस पांढऱ्या कापडाखेरीज मशीनखाली दुसरं काही येत नसे. पांढरे सदरे, पायजमे, टोप्या आणि दिंड्यांच्या भगव्या पताका. वारकऱ्याच्या बंडीला आतून चोरखिसा लागतो. तो छातीवर ठेवला तर घामाने नोटा भिजतात, कमरेला ठेवला तर झोपेत चाचपायला लागतो. आम्ही तो डाव्या बगलेखाली ठेवायचो, वर झाकण आणि झाकणाला टिचबटण. आम्ही नामदेवांच्या जातीचे, म्हणून असेल, पण वारीच्या कपड्याची शिलाई नानांनी कधी सांगितली नाही. देणारा देईल ते घ्यायचे. मी सांगायला लागलो, कारण तोपर्यंत कापूस आणि रिळं दोन्ही महाग झाली होती. लोकांनी कुरकूर केली नाही.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी आमच्या भागाला पगार दिला, आणि काही घरांत वेगळी दुखणीही दिली. कंपनी गणवेशाचं कापड द्यायची, शिलाई मिळायची, आणि सुट्टीच्या दिवशी कामगार ते कापड घेऊन आमची वाट बघायचे. प्रेस मशीनवर उजव्या हाताची तीन बोटं गेलेला एक जण होता. त्याची बायको रोज सकाळी त्याच्या शर्टच्या गुंड्या लावून द्यायची. ते त्याला सोसवत नव्हतं, हे मी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं. मी त्याच्या शर्टला वरून नेहमीसारख्या गुंड्या लावल्या, पण काजं केलीच नाहीत. गुंड्या वरच्या पट्टीवरच कायमच्या शिवल्या आणि खाली मोठी टिचबटणं लावली. तळहाताने दाबलं की शर्ट बंद. बघणाऱ्याला ते गुंडीचा शर्ट वाटे. पुढे त्याच्याच ओळखीने तसले आणखी शर्ट शिवायला आले. किती हात असे होते, हे मला त्या शर्टांमुळे कळलं.

मग रेडिमेड आलं. आलं म्हणजे एका वर्षात नाही; आधी लहान मुलांचे कपडे गेले, मग पुरुषांचे शर्ट, मग पँटी. मी त्या काळात पिंपरीतल्या एका ठेकेदाराकडून पीसवर काम घेतलं. गठ्ठ्याने कापलेले तुकडे आणायचे, जोडून द्यायचे. त्याने शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे बुडवले. पैसे गेल्याचं दुःख झालंच, पण त्या कामात आणखी एक गोष्ट जड गेली. कुणाच्या अंगासाठी शिवतोय ते माहीत नसताना हात चालत नव्हता. मी पीसचं काम पुन्हा घेतलं नाही.

त्याच सुमारास आमचा सगळा मुलूख बदलला. २००२ साली पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग पुरा खुला झाला. शिरगावात साईबाबांचं मंदिर झालं, लोक त्याला प्रतिशिर्डी म्हणू लागले आणि गुरुवारी गाड्यांच्या रांगा लागायला लागल्या. २०१२ साली गहुंज्यात क्रिकेटचं स्टेडियम उभं राहिलं. ज्या खाचराच्या बांधावर मी उधारी मागायला उभा राहिलो होतो, तिथे आता इमारती आहेत. जमिनीचे पैसे आलेल्या घरांनी काही वर्षं सफारी आणि सूट मागितले, मग तेही पुण्याहून यायला लागले. मी त्यांना नावं ठेवत नाही. हातात पैसा आला की माणूस आधी अंगावरचं बदलतो, आणि ज्यांनी जन्मभर ठिगळं वापरली त्यांना तो हक्क आहे.

त्या इमारतींमुळेच आमचं काम पुन्हा उभं राहील, असं मात्र वाटलं नव्हतं. गहुंज्याच्या एका सोसायटीत ब्लाऊज शिवून द्यायला आमची ही गेली आणि तिथल्या बायका म्हणाल्या, काकू, तुम्ही घरी येऊन माप घेता? मग आम्हाला दर महिन्याला लागेल. हिंजवडीला कामाला जाणाऱ्या मुली त्या. त्यांना शिंप्याकडे खेटे घालायला वेळ नव्हता. तिथल्याच एका तरुणाने मला सांगितलं की हाँगकाँगचे शिंपी आजही लंडन-न्यूयॉर्कला जातात, हॉटेलात खोली घेतात, गिऱ्हाइकांची मापं घेऊन परत येतात आणि कपडे शिवून पाठवतात. मला फार आनंद झाला. आमची जात जगात सगळीकडे आहे तर.

शाळेच्या गणवेशाचं एक सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांचे गणवेश आम्ही वर्षानुवर्षं शिवले. पोराच्या हाफपँटीला मागे कमरेत दीड इंच माया ठेवायची, खाली तीन बोटं दुमड. दिवाळीत कमर उसवायची, पुढच्या जूनमध्ये दुमड सोडायची. एक पँट दोन वर्षं जायची. २०२४ साली राज्यभर एकसारखा गणवेश द्यायचं ठरलं, कापड वरून एकत्र घेतलं गेलं आणि शिलाई महिला बचत गटांकडे आली. पुष्कळ ठिकाणी गणवेश उशिरा पोचले, मापं जुळली नाहीत, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सरकारने ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. शिवणाऱ्या बायकांना लोकांनी बोल लावला याचं मला वाईट वाटलं. त्यांच्यापैकी कितीतरी जणींचा हात उत्तम असतो. पण पोरगं समोर उभं न करता, त्याच्या दंडाला टेप न लावता नुसत्या इयत्तेवरून कपडा शिवायचा म्हटलं तर नामदेवरायांनाही तो जमला नसता. तिसरीच्या वर्गात पाच बोटांसारखी पाच उंचीची मुलं असतात, हे ज्याने वर्गात जाऊन माप घेतलंय त्याला सांगावं लागत नाही.

टाळेबंदीत, २०२०च्या उन्हाळ्यात, आम्ही मास्क शिवले. इलॅस्टिक संपलं तेव्हा जुन्या कापडाच्या नाड्या लावल्या. पीसचं काम सोडलं तर तेवढेच काही आठवडे मी माप न घेता शिवलं.

मुलगा कंपनीत आहे. मुलगी सासरी शिवते. इथलं काम आता सूनबाई बघते. २०२३ साली केंद्राची विश्वकर्मा योजना आली, तीत अठरा कारागिरांत शिंपीही आहे. तिने त्यातून प्रशिक्षण घेतलं, अवजारांसाठी मदत मिळाली. ती स्कूटरवरून फिरते, मोटरची मशीन घरी ठेवते. माप आणि ट्रायल दोन्ही गिऱ्हाइकाच्या घरी. घरी येण्याचे वेगळे पैसे ती आधीच सांगते. मला वाटलं होतं लोक नाही म्हणतील, पण देतात. सोमाटणे फाट्यावर गाळा घ्यावा असं तिच्या मनात होतं. भाड्याचा आकडा ऐकून तिने तो विचार सोडला, आणि मी तिला थांबवलं नव्हतं हे मुद्दाम नोंदवतो.

गेल्या महिन्यात ती म्हणाली, ‘‘मामंजी, मला गाठीची चोळी शिकवा.’’ चांदखेडच्या बाजूला काही म्हाताऱ्या अजून खणाची चोळी घालतात. त्यांना ब्लाऊज चालत नाही, कारण हुक लावायला बोटं वळत नाहीत आणि गाठ मात्र डोळे मिटून बांधता येते. ती चोळी शिवणारं आता जवळपास कुणी उरलं नाही. खण गुळेदगुड्डचा, अरुंद पन्ह्याचा, दोन्हीकडे काठ. काठ बाहीच्या कडेला आणि खाली पोटाशी बरोबर यायला हवा, त्यामुळे कापायची चूक सुधारता येत नाही. कागदी नमुना त्याला चालत नाही. खण अंगावर धरून, घडी घालून, नखाने खूण करायची असते. पहिली चोळी तिने जुन्या धोतराच्या कापडावर केली, दुसरी खऱ्या खणावर. गाठीची टोकं मी म्हटलं त्यापेक्षा तिने वीतभर लांब ठेवली. का, तर ज्यांच्यासाठी शिवायचंय त्या आजींचा हात कापतो, आखूड टोक निसटतं. ते तिने त्यांच्या घरी जाऊन पाहिलं होतं.

आता प्रश्न शिलाईचा आहे. मी म्हणतो, या म्हाताऱ्या जुन्या गिऱ्हाईक, नानांच्या वेळच्या. त्यांच्याकडून जुन्याच दराने घ्यावं. ती म्हणते, अस्तराच्या ब्लाऊजपेक्षा दुप्पट वेळ लागतो, मग पैसे कमी का? हिशेबाने तिचं बरोबर आहे. आमची ही तिच्या बाजूने आहे. पुढच्या गुरुवारी चांदखेडला चार चोळ्या द्यायच्या आहेत, तोवर काहीतरी ठरवावं लागेल.